मध्यस्थ, जामीन आणि महासत्ता

इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातील वादात अमेरिका मध्यस्थ म्हणून उभी राहिली, तेव्हापासून तिच्यावर एकच आक्षेप घेतला जातो. ती निःपक्षपाती नाही, हा तो आक्षेप. तो खरा आहे, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. ज्याचे काहीच अडलेले नाही, असा बलाढ्य मध्यस्थ इतिहासात क्वचितच सापडतो. ज्याचे काही अडलेले नसते तो पहिल्या अडचणीलाच हात झटकून निघून जातो. स्वार्थी मध्यस्थानेही टिकाऊ तह घडवून आणल्याची उदाहरणे आहेत. अशी मध्यस्थी फळते की फसते, हे बव्हंशी दोन गोष्टींवर ठरते. तह मोडणाऱ्याला जाब विचारायला कोणी जामीन उभा आहे का, ही एक. आणि मध्यस्थ आपल्याच मित्रावर वजन खर्च करायला तयार आहे का, ही दुसरी. ज्याच्याविषयी तह होतो त्याला बैठकीत जागा होती का, हा प्रश्न या दोहोंच्या आधीचा. पण तोच बहुधा शेवटी आठवतो.

याचा पडताळा घ्यायला फार दूर जावे लागत नाही. ठाणे, कल्याण आणि वसई या तीन ठिकाणांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मध्यस्थीचे दोन्ही प्रकार पाहिले.

डिसेंबर १७७४ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बेट त्यांच्या ताब्यात गेले. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली आणि बदल्यात पेशवाईच्या गादीसाठी फौज मागितली. घरच्या भांडणात बाहेरच्या सत्तेला बोलावण्याचा हा प्रकार पुढे सात वर्षे चालला. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला, तो मुंबईने मानला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने शरणागतीचा तह केला, तो कलकत्त्याने मानला नाही. १७८० मध्ये कल्याण इंग्रजांकडे गेले, डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोरघाटातून माघार घेताना त्याच गॉडर्डची दाणादाण उडाली. दोन्ही बाजू थकल्या होत्या. त्यातच दक्षिणेत हैदर अलीने इंग्रजांना घेरले होते. तह हवा असे दोघांनाही वाटत होते. प्रश्न होता तो तह पाळला जाईल याची हमी कोण देणार हा.

ती हमी महादजी शिंद्यांनी दिली. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांच्या वतीने महादजी यांच्यात तह ठरला. त्याची सतरा कलमे होती. त्यातले सोळावे कलम मध्यस्थीच्या कोणत्याही अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. महादजी दोन्ही बाजूंचे जामीन राहतील. जो कोणी तह मोडेल त्याच्या विरुद्ध बाजूला ते जाऊन मिळतील आणि मोडणाऱ्याला ताळ्यावर आणतील, असा त्याचा आशय. महादजी निःपक्षपाती मुळीच नव्हते. ते स्वतः या युद्धात लढलेले सरदार होते, त्यांना उत्तरेत मोकळे व्हायचे होते, आणि या व्यवहारात भडोच शहर त्यांच्या पदरात पडले. पुण्यात नाना फडणिसांना हे सारे ठाऊक होते. साष्टी परत मिळत नाही याचे त्यांना शल्य होते; त्यांनी तह लगेच मान्य केला नाही. हैदर अली डिसेंबर १७८२ च्या पहिल्या आठवड्यात मरण पावला आणि २० डिसेंबरला नानांची मान्यता मिळाली. या तहाने वसई व कल्याण मराठ्यांकडे परतले, साष्टी आणि ठाणे कायमचे इंग्रजांकडे राहिले. मराठे आणि इंग्रज यांच्यात त्यानंतर सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही. पक्षपाती मध्यस्थाच्या नावावर ही कमाई काही थोडकी नाही.

पण त्याच तहात एक मोठी खोट होती. हैदर अलीने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, असे वचन पेशव्यांनी देऊन टाकले. हैदर सालबाईला हजर नव्हता. त्याच्या मुलाने, टिपूने, हे कलम मानले नाही आणि दक्षिणेतले युद्ध मार्च १७८४ मधील मंगळूरच्या तहापर्यंत चालू राहिले. गैरहजर पक्षाच्या वतीने दुसऱ्याने दिलेल्या शब्दाची किंमत एवढीच असते.

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले आणि तहाचा जामीन गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईत जो तह केला तो वेगळ्या जातीचा होता. किमान सहा हजार पायदळाची कंपनीची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख ही त्यातली सर्वांना माहीत असलेली कलमे. कमी माहीत असलेले कलम असे की, निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचा जो वाद असेल त्यात कंपनीचा निवाडा पेशव्यांनी मान्य करावा. इथे मध्यस्थ जामीन राहिला नाही, मालक झाला.

त्याचा प्रत्यय बारा-तेरा वर्षांत आला. गायकवाडांकडची जुनी बाकी आणि अहमदाबादचा इजारा यावरून तंटा होता. तो मिटवायला गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्याला आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने संशयित असलेले पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना पेशव्यांकडून मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, डांबले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर फक्त गोरे शिपाई ठेवले होते. त्याकाळी सांगितली जाणारी हकीकत अशी की, एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मराठा मोतद्दार खिडकीखाली घोडा खरारत गाणी म्हणे. घोडा कुठे उभा आहे, साथीदार कुठे लपले आहेत, हे सगळे त्या गाण्यात असे, आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नसे. हकीकतीचा तपशील खरा असो वा नसो, सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याहून निसटले एवढे पक्के. जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्यांना मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी पेशवाईच संपली. गायकवाडांशी हिशेब मिटवायला बोलावलेल्या मध्यस्थाने एका पक्षकाराचे राज्यच मिटवले.

पॅलेस्टाईनमध्ये ही भूमिका आधी ब्रिटनकडे होती. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना राष्ट्रीय घराचे आश्वासन दिले, तेव्हा तिथले बहुसंख्य लोक अरब होते. पुढची तीस वर्षे ब्रिटिशांनी दोन्ही बाजूंना आलटून पालटून वचने दिली: १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचवली, १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंच्या आगमनावर मर्यादा घातली. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या गळ्यात घातला. त्यासाठी नेमलेल्या समितीवर भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. फाळणीऐवजी संघराज्य सुचवणाऱ्या अल्पमताच्या बाजूला ते राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ ला आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिले. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली आणि अवघ्या अकरा मिनिटांत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मान्यता दिली.

अमेरिकेने आपले वजन इस्रायलवर खर्च केल्याचे पहिले ठळक उदाहरण सुएझचे. १९५६ च्या शरद ऋतूत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. आयसेनहॉवर यांनी तिघांनाही मागे हटायला लावले. इस्रायलने सिनाई आणि गाझा सोडायला मार्च १९५७ उजाडला, तेही निर्बंधांची जाहीर भाषा झाल्यावर. त्यानंतर गाझाच्या हद्दीवर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्यात भारतीय तुकडी होती, आणि शेवटच्या काळात तिचे सेनापती भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी होते. ही सेना यजमान देशाच्या मर्जीवर उभी होती. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती काढायला सांगितली, जूनमध्ये युद्ध पेटले आणि गाझात अडकलेल्या भारतीय जवानांपैकी काही मारले गेले. जामीन म्हणून उभा केलेला माणूस एका पक्षाच्या एका पत्राने घरी पाठवता येत असेल, तर तो जामीन कसला?

१९६७ च्या युद्धाने वेस्ट बँक, गाझा, पूर्व जेरुसलेम, गोलान आणि सिनाई इस्रायलच्या ताब्यात आले. १९७३ च्या युद्धानंतर हेन्री किसिंजर यांनी कैरो, दमास्कस आणि जेरुसलेम यांच्या दरम्यान विमानाच्या फेऱ्या मारून सैन्ये वेगळी करण्याचे करार केले. त्याचा तपशील इथे महत्त्वाचा नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये त्यांनी इस्रायलला दिलेले एक वचन मात्र महत्त्वाचे आहे. पॅलेस्टाईन मुक्ती संघटना इस्रायलचे अस्तित्व आणि सुरक्षा परिषदेचे ठराव मान्य करीत नाही तोवर अमेरिका तिच्याशी वाटाघाटी करणार नाही, असे ते वचन. म्हणजे मध्यस्थाने एका पक्षाशी बोलायचे नाही, हे दुसऱ्या पक्षाशी ठरले. त्या संघटनेची त्या काळातली विमान-अपहरणे आणि हत्याकांडे पाहता वॉशिंग्टनचे कारण समजण्यासारखे आहे. परिणाम तेरा वर्षे टिकला.

त्या तेरा वर्षांतच अमेरिकेने सर्वांत यशस्वी मध्यस्थी केली. ५ ते १७ सप्टेंबर १९७८ असे तेरा दिवस जिमी कार्टर यांनी इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांना मेरीलँडच्या डोंगरातील कॅम्प डेव्हिड येथे ठेवून घेतले. पहिल्या बैठकांतच दोघांचे इतके वाजले की कार्टर यांनी त्यांना समोरासमोर आणणे बंद केले आणि अमेरिकेचा एकच मसुदा घेऊन ते एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिले. प्रत्येकाने त्यावर आक्षेप घ्यायचे, स्वतःचा मसुदा आणायचा नाही, अशी ती रीत होती. अखेरच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या पत्रावरून बेगिन निघून जायच्या बेतात होते. त्यांना तिघा नेत्यांच्या छायाचित्रांवर नातवंडांसाठी सही हवी होती. कार्टर यांनी आठही नातवंडांची नावे मिळवून प्रत्येक प्रतीवर एकेक नाव घातले आणि ती स्वतः नेऊन दिली. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, त्यांचा गळा दाटून आला, आणि बोलणी पुढे सरकली.

कार्टरांच्या गोष्टीत छायाचित्रे लक्षात राहतात. तह टिकला तो मात्र पैशामुळे आणि सैनिकांमुळे. सिनाईतल्या हवाई तळांच्या बदल्यात अमेरिकेने नेगेवच्या वाळवंटात इस्रायलला दोन तळ बांधून दिले. इजिप्त आणि इस्रायल या दोघांनाही दरवर्षी अब्जावधी डॉलरची मदत सुरू झाली. सोव्हिएत विरोधामुळे संयुक्त राष्ट्रांची सेना मिळेना, तेव्हा १९८२ मध्ये अमेरिकेने वेगळी बहुराष्ट्रीय निरीक्षक सेना उभी केली. ती आजही सिनाईत आहे. मार्च १९७९ चा तो तह नंतरच्या सगळ्या युद्धांतून तगला.

कॅम्प डेव्हिडला दुसराही एक दस्तऐवज झाला होता. वेस्ट बँक आणि गाझातील पॅलेस्टिनींना स्वशासन कसे द्यायचे, याचा तो आराखडा. त्यांच्या वतीने बोलायला तिथे कोणीच नव्हते. आराखडा कागदावरच राहिला.

पॅलेस्टिनींना खुर्ची मिळाली ती १९९१ मध्ये, आणि तीही अर्धी. परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी जून १९९० मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे व्हाइट हाउसच्या दूरध्वनीचा क्रमांक वाचून दाखवला होता. शांततेची खरोखर इच्छा झाली की फोन करा, हा इस्रायली सरकारला उद्देशून मारलेला टोमणा. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघातून येणाऱ्या ज्यूंच्या पुनर्वसनासाठी इस्रायलला दहा अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी हवी होती; थोरल्या बुश यांनी ती व्याप्त प्रदेशातल्या इस्रायली वसाहतींच्या प्रश्नाशी जोडून रोखून धरली. ३० ऑक्टोबर १९९१ ला माद्रिद परिषद भरली, जॉर्डनच्या शिष्टमंडळाचा भाग म्हणून पॅलेस्टिनी आले, आणि गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल शफी त्यांच्या वतीने बोलले. जून १९९२ मध्ये इस्रायलमध्ये सत्ताबदल झाल्यावर हमी मिळाली. माद्रिदमुळे इतरांचीही कोंडी फुटली: २९ जानेवारी १९९२ ला भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. तोवर चाळीस वर्षे इस्रायलचे भारतातले अस्तित्व मुंबईतल्या वकिलातीपुरतेच होते.

त्या वकिलातीशी ज्यांचा सर्वांत जास्त संबंध आला ते ठाणे-रायगडचे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली. ठाण्यातले 'शार हशामायिम' सिनेगॉग १८७९ पासून उभे आहे. पेणकर, दिवेकर, झिराडकर अशा आडनावांची माणसे १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे स्थिरावली. तिथेही त्यांना सुखासुखी स्वीकारले गेले नाही. त्यांच्या विवाहांवर धर्मपीठाने घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. अश्दोद आणि बीरशेबा ही शहरे गाझातून डागलेल्या रॉकेटांच्या टप्प्यात येतात. वॉशिंग्टनमधील मध्यस्थी फसली की तिकडे मराठी बोलणारी घरेही तळघरात उतरतात.

ऑस्लोचा करार अमेरिकेने घडवलेला नव्हता. १९९३ मध्ये नॉर्वेसारख्या लहान देशाने दोन्ही बाजूंना गुपचूप भेटवले. वॉशिंग्टनला मिळाली ती १३ सप्टेंबरची हिरवळ आणि इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन व पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे यासर अराफत यांचे हस्तांदोलन. अराफत यांनी इस्रायलचे अस्तित्व मान्य केले. इस्रायलने त्यांच्या संघटनेला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. राज्याचे वचन दिले नाही, वसाहती थांबवण्याचेही नाही. सीमा, जेरुसलेम, निर्वासित हे सगळे पुढे ढकलले. नॉर्वेकडे सदिच्छा होती, वजन नव्हते. अमेरिकेकडे वजन होते, पण अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी, कोण चुकले ते जाहीर सांगणारी यंत्रणा तिने उभी केली नाही. परिणामी १९९३ मध्ये वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार इस्रायली वसाहतवाले होते, ते २००० पर्यंत दोन लाखांच्या आसपास गेले. दुसरीकडे हमासच्या आत्मघाती स्फोटांनी इस्रायली बस आणि बाजार हादरले. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांचा खून एका ज्यू माथेफिरूने केला.

जुलै २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी पुन्हा कॅम्प डेव्हिडच निवडले. तयारी झालेली नाही असे अराफत सांगत होते. बोलणी फसली तरी दोष तुमच्यावर येणार नाही, असा शब्द देऊन त्यांना आणले गेले. चौदा दिवसांनी बोलणी फसली आणि दोष त्यांच्यावरच आला. कार्टरांची एका मसुद्याची शिस्त या वेळी नव्हती. अमेरिकेचे प्रस्ताव आधी इस्रायलला दाखवले जात. त्या चमूतले एक मुत्सद्दी आरन डेव्हिड मिलर यांनी पुढे लिहिले की अमेरिका अनेकदा इस्रायलच्या वकिलासारखी वागली. अराफत यांनीही स्वतःचा पर्यायी प्रस्ताव मांडला नाही, हे तितकेच खरे. सप्टेंबरअखेर पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव सुरू झाला. डिसेंबरात क्लिंटन यांनी मांडलेली तत्त्वे हा आजवरचा सर्वांत स्पष्ट अमेरिकी आराखडा होता, पण तो आला कारकिर्दीच्या शेवटच्या महिन्यात.

यानंतरची पंधरा वर्षे, म्हणजे २००३ चा 'रोडमॅप', २००७ ची अ‍ॅनापोलिस परिषद, २०१३-१४ मधील जॉन केरी यांच्या फेऱ्या, ही बहुतांशी वेळ मारून नेण्याची कहाणी आहे. जून २००७ मध्ये हमासने गाझा बळकावले. रामल्लात अराफत यांचे वारसदार महमूद अब्बास राहिले. आता पॅलेस्टिनींच्या खुर्चीवर कोण बसणार याचेच उत्तर त्यांच्याकडे एक नव्हते, आणि याचा दोष अमेरिकेला देता येत नाही. तिने हमासला १९९७ पासूनच दहशतवादी ठरवले असल्याने गाझाशी बोलायला इजिप्त आणि कतार यांचे दार ठोठावावे लागे. २०१६ मध्ये ओबामा सरकारने इस्रायलशी दहा वर्षांचा ३८ अब्ज डॉलरच्या लष्करी मदतीचा करार केला आणि त्यात वसाहतींबाबत कोणतीही अट घातली नाही. बुश-बेकर यांनी दहा अब्जांच्या हमीवर जे मिळवले, ते यांनी ३८ अब्ज देऊन मागितलेदेखील नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी डिसेंबर २०१७ मध्ये जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता दिली. वाटाघाटींत देण्याघेण्यासाठी राखलेले चलन त्यांनी काही न घेता देऊन टाकले. २०२० च्या अब्राहम करारांनी अमिरातीसारखे देश इस्रायलशी जोडले. पॅलेस्टिनी पुन्हा खोलीबाहेर होते.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५१ जण ओलीस नेले गेले. इस्रायलच्या प्रत्युत्तरात गाझामध्ये मारल्या गेलेल्यांची संख्या तिथल्या आरोग्य खात्यानुसार साठ हजारांच्या पुढे गेली. या काळात अमेरिका एका हाताने युद्धबंदीची बोलणी करीत होती, दुसऱ्या हाताने दारूगोळा पुरवीत होती आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरीत होती. जानेवारी २०२५ ची युद्धबंदी मार्चमध्ये मोडली. मोडणाऱ्याला जाब विचारला गेला नाही.

वजन वापरले गेले ते सप्टेंबरमध्ये, आणि तेही एका अनपेक्षित घटनेमुळे. ९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायलने कतारची राजधानी दोहा येथे, म्हणजे मध्यस्थाच्याच घरात, हमासच्या नेत्यांवर हवाई हल्ला केला. कतार हा अमेरिकेचा मोठा लष्करी तळ असलेला देश. २९ सप्टेंबरला व्हाइट हाउसमधून इस्रायलचे पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू यांनी कतारच्या पंतप्रधानांची फोनवर माफी मागितली. त्या क्षणाचे अधिकृत छायाचित्र प्रसिद्ध झाले: ट्रम्प यांच्या मांडीवर टेलिफोनचा संच, आणि रिसीव्हर कानाला लावून कागदावरून वाचणारे नेतान्याहू. त्याच दिवशी वीस कलमी योजना जाहीर झाली. १० ऑक्टोबरला युद्धबंदी लागू झाली, तीन दिवसांनी जिवंत असलेले वीस ओलीस सुटले. दोन वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते मित्रावर दाब आल्यावर दोन आठवड्यांत झाले.

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २८०३ द्वारे ही योजना उचलून धरली. तेरा देशांनी बाजूने मत दिले, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. ठरावात गाझासाठी आंतरराष्ट्रीय स्थैर्यसेना आहे आणि ट्रम्प यांच्या अध्यक्षतेखालचे 'शांतता मंडळ' आहे. पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण तो अटींच्या मागे, तारखेविना. गाझाचा रोजचा कारभार पॅलेस्टिनी तज्ज्ञांच्या समितीकडे द्यायचा आणि तिच्यावर देखरेख या मंडळाने ठेवायची, अशी रचना आहे. हमासने शस्त्रे खाली ठेवावीत हे ठरावात स्पष्ट आहे. इस्रायलने शब्द पाळला नाही तर मंडळ काय करील, याविषयी त्यात काही नाही. एकाच बाजूला लागू होणारा जामीन मध्यस्थाला सालबाईपेक्षा वसईच्या जवळ नेतो. मंडळाला आणि सेनेला दिलेला अधिकार ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपतो. इस्रायलला ३८ अब्ज डॉलर देणाऱ्या कराराची मुदत त्यानंतर काही महिन्यांनी, अमेरिकेच्या २०२८ या आर्थिक वर्षाबरोबर संपते.